लिलावात जिंकलेली संध्याकाळ

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात ‘पिकोलो पीट्स’ नावाचं एक जुनं स्टेकहाउस होतं. थाट बेताचा, दरही बेताचे. २०१५च्या अखेरीस ते बंद झालं. या हॉटेलात टेड वेश्लर नावाच्या एका गुंतवणूकदाराने अब्जाधीश गुंतवणूकदार वॉरन बफे यांच्यासोबत रात्रीचं जेवण घेतलं. त्यासाठी वेश्लर यांनी २०१०च्या लिलावात २६,२६,३११ डॉलर मोजले होते. जेवण चांगलंच रंगलं असावं, कारण पुढच्या वर्षी त्यांनी त्याच लिलावात पुन्हा बोली लावली आणि पुन्हा जिंकले. या खेपेला आकडा होता २६,२६,४११. आदल्या वर्षीपेक्षा बरोबर शंभर डॉलर जास्त.

दोन जेवणांचे मिळून साडेबावन्न लाख डॉलर झाले. त्यातला एकही बफेंच्या खिशात गेला नाही की हॉटेलच्या गल्ल्यात पडला नाही. सॅन फ्रान्सिस्कोत टेंडरलॉइन नावाची एक वस्ती आहे, शहरातल्या बेघरांचा आणि व्यसनात अडकलेल्यांचा मुख्य आसरा. तिथे ‘ग्लाइड’ ही संस्था गरजूंना रोज मोफत जेवण देते. सगळा पैसा तिच्या खात्यात जमा झाला.

ग्लाइड मुळात एक मेथडिस्ट चर्च. १९६३ साली सेसिल विल्यम्स नावाचे कृष्णवर्णीय पाद्री तिथे आले, तेव्हा प्रार्थनेला मोजकी डोकी उरली होती. विल्यम्सनी चार वर्षांनी चर्चमधला क्रूसच उतरवला आणि दारं सगळ्यांसाठी सताड उघडली. ‘द पर्सूट ऑफ हॅपिनेस’ हा विल स्मिथचा सिनेमा ज्यांनी पाहिला असेल, त्यांना मुलाचा हात धरून आसऱ्याच्या रांगेत उभा राहणारा बाप आठवत असेल. ती रांग ग्लाइडचीच, आणि सिनेमातले पाद्री म्हणजे स्वतः सेसिल विल्यम्स. बफेंच्या पहिल्या पत्नी सुझन तिथे स्वयंसेवक म्हणून काम करत. त्यांनी नवऱ्याची आणि विल्यम्सची गाठ घालून दिली. त्यातून २००० साली कल्पना निघाली की बफेंसोबतच्या जेवणाचा लिलाव करायचा.

पहिल्या वर्षी बोली २५,००० डॉलरवर थांबली. तीन वर्षं हा लिलाव सॅन फ्रान्सिस्कोतल्या कार्यक्रमात, हॉलमध्ये हजर असलेल्या लोकांपुरता होत होता. २००३ साली तो ‘ईबे’ या ऑनलाइन लिलावाच्या संकेतस्थळावर आला आणि आकडा एका फटक्यात २,५०,१०० डॉलरवर गेला. वस्तू तीच, यजमान तेच. फरक एवढाच, की आता हाँगकाँग आणि सिंगापूरहूनही बोली लावता येत होती. पुढे जिंकणाऱ्यांत चीन आणि सिंगापूरची नावं वरचेवर दिसू लागली. २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं करोनामुळे खाडा पडला. शेवटचा म्हणून जाहीर केलेला २०२२चा लिलाव १,९०,००,१०० डॉलरला गेला. त्या वेळच्या दराने ही रक्कम १४८ कोटी रुपयांच्या आसपास भरते. सगळ्या वर्षांची मिळून ग्लाइडला पाच कोटी तीस लाख डॉलरहून जास्त रक्कम मिळाली.

हे आकडे पाहून पहिली प्रतिक्रिया ‘पैसा जास्त झालाय’ अशीच होते, आणि ती अगदीच चुकीची आहे असं मी म्हणणार नाही. पण धर्मादाय लिलावाच्या हिशेबाने पाहिलं, तर कुणाच्या तरी सोबतची संध्याकाळ ही विक्रीला ठेवण्याजोगी सगळ्यात उत्तम वस्तू आहे. चित्र, दागिना, गाडी यांना बाजारभाव असतो. तो भाव बोली लावणाऱ्याच्या डोक्यात पक्का असतो, त्यामुळे बोली त्याच्या आसपास येऊन अडखळते. बफेंसोबत तीन तास बसण्याचा बाजारभाव काय? दुकानात ती वस्तू मिळत नाही, म्हणून तिला कमाल किंमतही नाही. शिवाय देणाऱ्याला ती जवळजवळ फुकट पडते. एक दुपार किंवा एक रात्र गेली, एवढंच. स्वस्तात दिलेली आणि महागात घेतलेली अशी वस्तू सापडणं हीच अशा लिलावांची खरी कमाई. २०१३ साली ‘ॲपल’चे प्रमुख टिम कुक यांच्यासोबत कंपनीच्या कार्यालयात एक कप कॉफी लिलावात निघाली, तेव्हा आयोजकांचा अंदाज ५०,००० डॉलरचा होता. कॉफी गेली ६,१०,००० डॉलरला.

बफे लिलावाच्या विजयी आकड्यांची यादी समोर ठेवून बसलं, तर एक गंमत दिसते. २,५०,१००. ६,५०,१००. २१,१०,१००. १,९०,००,१००. शेवटी लटकलेले हे शंभर डॉलर कुठून येतात? ईबेवर तुम्ही तुमची कमाल रक्कम गुपचूप नोंदवून ठेवता. मग संगणक तुमच्या वतीने बोली लावत राहतो, पण दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला मागे टाकायला जेवढी लागेल तेवढीच. मोठ्या रकमांमध्ये ही वाढ शंभर डॉलरची असते. म्हणजे २००७ साली कुणीतरी साडेसहा लाखांवर थांबलं होतं आणि जिंकणाऱ्याला त्याच्यावर फक्त शंभर द्यावे लागले. विजेत्याची स्वतःची तयारी सात लाखांची होती की दहा लाखांची, हे आकड्यावरून कळत नाही. हरणाऱ्याची हद्द मात्र कळते.

आता यादीतले दुसऱ्या जातीचे आकडे पाहा. २०१२ साली ३४,५६,७८९. २०१५ साली २३,४५,६७८. २०१६ साली पुन्हा ३४,५६,७८९. हे ओळीने रचलेले अंक संगणकाच्या पायरीतून येणं अवघड. बोली लावणाऱ्याने हौसेने टाईप केलेला तो स्वतःचा आकडा असणार, आणि समोरच्याने त्याला अगदी तिथपर्यंत रेटलेलं असणार. दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीवर किंमत ठरवण्याच्या या पद्धतीचं गणित विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली मांडलं. त्या गणितानुसार जिंकणाऱ्याला स्वतःची खरी हद्द लपवून काहीच फायदा होत नाही. विक्रींना १९९६ साली नोबेल जाहीर झालं आणि तीन दिवसांनी ते वारले.

अर्थशास्त्रज्ञांचं धर्मादाय लिलावांविषयीचं मत मात्र फारसं चांगलं नाही. २००५ साली ‘जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी’त चार अर्थशास्त्रज्ञांचा एक निबंध आला. निधी कसा उभारावा आणि कसा उभारू नये, अशा अर्थाचं त्याचं खोचक शीर्षक होतं. त्यातला मुद्दा साध्या उदाहरणाने सांगता येतो. समजा, एका शाळेच्या मदतीसाठी जेवणाचं निमंत्रण लिलावात निघालं आहे. शाळेविषयी तुम्हालाही आस्था आहे, मलाही. तुम्ही पाच हजारांची बोली लावली. मी गप्प बसलो, तर शाळेला पाच हजार मिळतात आणि माझा एक पैसा जात नाही. मी पाच हजार शंभर म्हणालो, तर शाळेला फक्त शंभर रुपये जास्त मिळतात आणि माझ्या खिशातून पाच हजार शंभर जातात. म्हणजे शाळेचं भलं व्हावं असं जितकं मनापासून वाटेल, तितकं मला दुसऱ्याला जिंकू देणं सोयीचं. एकट्या विजेत्याने पैसे भरायचे, या पद्धतीत हाच दोष आहे. त्यापेक्षा सोडत काढा किंवा ज्याने ज्याने बोली लावली त्या प्रत्येकाकडून ती रक्कम घ्या, निधी जास्त जमेल, असं या चौघांचं गणित सांगतं.

गणित चोख आहे. पण अमेरिकेतल्याच व्हर्माँट राज्यात संशोधकांनी चार बालवाड्यांच्या निधिसंकलनाच्या कार्यक्रमांत हे प्रत्यक्ष करून पाहिलं, तेव्हा उलटंच झालं. ‘बोली लावली की हरलात तरी पैसे भरायचे’ हा नियम कळताच पालक बोली लावायलाच पुढे येईनात. कागदावर सर्वात जास्त पैसे देणारी पद्धत प्रत्यक्षात मागे पडली. हरल्यावर वर पैसेही भरायचे, ही गोष्ट संस्थेवर कितीही प्रेम असलं तरी कुणाच्या गळी उतरत नाही, हे सांगायला खरं तर प्रयोगाचीही गरज नव्हती. आपल्याकडच्या कुठल्याही मंडळाच्या खजिनदाराने ते चहाच्या टपरीवर सांगितलं असतं.

मग माणसं धर्मादाय लिलावात जास्त किंमत देतात की नाही? देतात, पण आपल्याला वाटतं तितकी नाही. ईबेवर एकसारख्याच वस्तू काही विक्रेत्यांनी संस्थेच्या मदतीसाठी आणि काहींनी नुसत्याच विकायला ठेवल्या, तेव्हा मदतीसाठीच्या वस्तूंना सरासरी सहा टक्के जास्त भाव मिळाला, असं दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०१० साली दाखवलं. सहा टक्के! म्हणजे ज्या वस्तूला बाजारभाव आहे, तिच्यावर दानशूरपणाचा बोजा फार पडत नाही. कोट्यवधींचा खेळ होतो तो बाजारभाव नसलेल्या वस्तूवरच.

हे आपल्या लोकांना पूर्वीपासून ठाऊक आहे. गोव्यात आणि तळकोकणात उत्सवात देवापुढे आलेल्या केळ्यांची, नारळांची, लुगड्यांची पावणी, म्हणजे लिलाव, होते. बाजारात चाळीस-पन्नासला मिळणारा नारळ तिथे पाचशेला जातो, हजाराला जातो, आणि घेणारा तो मिरवत घरी नेतो. मुंबई-पुण्याच्या जैन देरासरांत पर्युषणात महावीरांच्या आईच्या, त्रिशलामातेच्या चौदा स्वप्नांची बोली लागते, तीही रुपयांत नव्हे तर मणभर तुपाच्या हिशेबात. एका मणाचे रुपये किती, हे ठरलेलं असतं. तिथे घरी न्यायची वस्तूच नसते, असतो तो एक मान. आणि धर्मादाय लिलावातला सगळ्यात तरबेज पुकारणारा कोण, असं मला विचारलं तर मी गांधीजींचं नाव घेईन. ७ नोव्हेंबर १९३३ रोजी वर्ध्याहून त्यांचा हरिजन दौरा सुरू झाला. नऊ महिन्यांत त्यांनी देश पालथा घातला आणि सुमारे आठ लाख रुपये जमवले. सभेत मिळालेलं मानपत्र, त्याची चांदीची पेटी, भेट आलेले दागिने यांचा ते तिथल्या तिथे, व्यासपीठावरून लिलाव करत. सही हवी असेल तर पाच रुपये. मानपत्र देणाऱ्यांनीच तेच मानपत्र पुन्हा विकत घ्यावं, यातला मिश्किलपणा त्यांना नक्कीच कळत होता.

पुन्हा जेवणाच्या टेबलाकडे येऊ. जिंकलेली वेळ माणसं कशी घालवतात, याचा सगळ्यात सविस्तर वृत्तान्त २००७च्या लिलावाचा मिळतो. तो जिंकला मोहनीश पाबराई आणि गाय स्पियर या दोन मित्रांनी मिळून, ६,५०,१०० डॉलरला. पाबराई मूळचे मुंबईचे, अमेरिकेत गुंतवणूक कंपनी चालवणारे. बफेंच्या पद्धतीची सरळ नक्कल करून आपण पैसे कमावले, हे ते उघडपणे सांगतात. ज्याच्याकडून इतकं शिकलो त्याला गुरुदक्षिणा द्यायची, या भावनेने त्यांनी बोली लावली होती. खर्चाची वाटणीही साधी होती. पाबराईंच्या घरचे चारजण येणार होते आणि स्पियर यांच्याकडचे दोघे, म्हणून दोन-तृतीयांश एकाने, एक-तृतीयांश दुसऱ्याने भरायचे. लाखो डॉलरची भागीदारी, पण सहलीच्या वर्गणीच्या हिशेबाने केलेली.

जेवण झालं २५ जून २००८ रोजी, न्यूयॉर्कच्या ‘स्मिथ अँड वोलेन्स्की’ या स्टेकहाउसमध्ये. बहुतेक वर्षी हीच जागा ठरलेली असे आणि हॉटेलही आपल्याकडून दरसाल किमान दहा हजार डॉलर ग्लाइडला देत असे. नियम सोपे. विजेत्याने सोबत सातजणांपर्यंत आणावेत. विषय कुठलाही चालेल, फक्त बफे पुढे कोणता शेअर घेणार किंवा विकणार हे विचारायचं नाही. बफेंनी मागवलं ते स्टेक, बटाट्याचे हॅश ब्राउन आणि चेरी कोक. सत्तरी ओलांडलेल्या अब्जाधीशाचं हे जेवण शाळकरी पोराच्या वाढदिवसाला शोभणारं. स्पियर यांनी पुढे आपल्या पुस्तकात या जेवणावर एक आख्खं प्रकरण लिहिलं.

पाबराईंनी विचारलेला एक प्रश्न मला फार आवडतो. बफे आणि त्यांचे भागीदार चार्ली मंगर यांच्या जोडीला सुरुवातीच्या काळात रिक गेरिन नावाचा तिसरा माणूस असायचा. त्याचं पुढे काय झालं? शेअरच्या टिपा मागण्याऐवजी विस्मरणात गेलेल्या माणसाची चौकशी करणं, हे खरं गृहपाठ करून आलेल्या पाहुण्याचं लक्षण. उत्तरही तसंच मोलाचं मिळालं. गेरिन हुशारीत कुठेच कमी नव्हता, पण त्याला घाई होती, असं बफेंनी सांगितलं. तो कर्ज काढून शेअर घेत असे. १९७३-७४च्या मंदीत भाव कोसळले, कर्ज देणाऱ्यांनी पैसे मागितले आणि त्याला बफेंच्या कंपनीचे, बर्कशायर हॅथवेचे शेअर विकावे लागले. घेतले बफेंनीच, चाळीस डॉलरहून कमी भावाने. २०२५ साली त्या शेअरचा भाव सात लाख डॉलरच्या पुढे होता.

स्पियर यांच्या मनात राहिलं ते दुसरंच. लोक आपल्याला कोणत्या नजरेने पाहतात यावर जगायचं, की आपण स्वतःला काय मानतो यावर, हा बफेंचा आवडता विषय त्या टेबलावरही निघाला. त्यानंतर वर्षभरात स्पियर न्यूयॉर्कचा झगमगाट सोडून कुटुंबासह झुरिचला राहायला गेले. पाबराईंनी पत्नीसोबत सुरू केलेली ‘दक्षणा’ ही संस्था नवोदय विद्यालयांतल्या गरीब, हुशार मुलांना आयआयटी आणि वैद्यकीय प्रवेशपरीक्षांसाठी तयार करते. तिचा मोठा परिसर आपल्या पुणे जिल्ह्यात, खेड तालुक्यातल्या कडूसजवळ आहे.

प्रत्येकाने ती वेळ अशीच खर्च केली असं नाही. २००८चे विजेते झाओ दानयांग यांनी जेवताना स्वतःकडे असलेल्या ‘वूमार्ट’ या चिनी किरकोळ साखळीचं नाव बफेंपुढे काढलं. ती बातमी पसरली आणि हाँगकाँगच्या बाजारात त्या शेअरचा भाव चढला. जेवण ‘वसूल’ झालं, असं वर्तमानपत्रांनी लिहिलं ते यावरूनच. २०१९ साली ‘ट्रॉन’ या आभासी चलनाचे संस्थापक जस्टिन सन यांनी ४५,६७,८८८ डॉलरला लिलाव जिंकला. जुलैमधली भेट मुतखड्याचं कारण देऊन पुढे ढकलली. अखेर जानेवारी २०२० मध्ये ओमाहाच्या एका क्लबात रात्रीचं जेवण झालं. सन यांनी आभासी चलनाच्या धंद्यातली चार मंडळी सोबत नेली होती आणि भेट म्हणून बिटकॉइन भरलेला घडीचा मोबाइल दिला. बफेंना पटवायचा हा बेत होता. महिन्याभरात बफेंनी दूरचित्रवाणीवर सांगून टाकलं, की पाहुणे छान होते, जेवण छान झालं, पण माझ्याकडे कोणतंही आभासी चलन नाही आणि पुढेही नसेल. सन यांना हवी होती ती प्रसिद्धी मात्र भरपूर मिळाली. जाहिरातीचा खर्च म्हणून पाहिलं, तर सौदा वाईट नव्हता. तरी तीन-साडेतीन तास त्या माणसासमोर बसायला मिळाले आणि आपण आपलाच माल खपवत राहिलो, ही गोष्ट मला करंटेपणाची वाटते.

आणि वेश्लर? त्यांनी दोन्ही वेळा नाव गुप्त ठेवलं, म्हणून तर जेवणं न्यूयॉर्कच्या गजबजाटाऐवजी ओमाहात झाली. त्यांनी नोकरी मागितली नाही. सप्टेंबर २०११ मध्ये बर्कशायरने जाहीर केलं, की वेश्लर यांची कंपनीच्या गुंतवणुकी पाहण्यासाठी नेमणूक होत आहे. नोकरीसाठी साडेबावन्न लाख डॉलर खर्चून दोन मुलाखती दिलेला हा बहुधा एकमेव उमेदवार.

अशा जिंकलेल्या जेवणाची मजा नेहमीच्या जेवणापेक्षा वेगळी का लागते, याची दोन कारणं मानसशास्त्राने दिली आहेत. एक म्हणजे वाट पाहणं. पाबराई-स्पियर लिलाव जिंकले आणि प्रत्यक्ष जेवले, यात जवळजवळ वर्ष गेलं. जॉर्ज लोवेन्स्टीन यांनी १९८७ साली एक मजेदार प्रश्न विचारून पाहिला होता. आवडत्या चित्रपट-कलावंताचं चुंबन मिळणार असेल, तर ते लगेच मिळण्यासाठी किती द्याल आणि थोडं थांबून मिळण्यासाठी किती? लोकांनी सगळ्यात जास्त किंमत लावली ती तीन दिवसांनी मिळणाऱ्या चुंबनाला. सुखाची चाहूल हेही सुखच असतं आणि ते आधीपासून भोगता येतं. दुसरं कारण बिलाचं. ड्रॅझन प्रेलेक आणि लोवेन्स्टीन यांनी १९९८ साली दाखवलं, की सहलीसारख्या सुखाचे पैसे आधी भरून टाकणं लोकांना आवडतं. भोगताना मग खिशाची आठवण येत नाही. लिलावातल्या संध्याकाळी तर पैसे केव्हाच गेलेले असतात आणि तेही चांगल्या कामाला. खर्चाची टोचणी वर्षभर आधीच बोथट झालेली असते.

बफे, कुक ही झाली टोकाची उदाहरणं. अमेरिकेत शाळा, दवाखाने, प्राण्यांचे निवारे, चर्च यांच्या निधिसंकलनाच्या कार्यक्रमांत ‘रात्रीची सफर’ हा हमखास चालणारा नग असतो. दोघांचं जेवण, नाटकाची तिकिटं, हॉटेलातली एक रात्र, कधी मुलांना सांभाळायला माणूससुद्धा. टेबलांवर कागद मांडलेले असतात. त्यांवर किमान बोली आणि प्रत्येक वाढीची पायरी छापलेली असते आणि लोक नाव-आकडा लिहून पुढे सरकतात. मोठे नग पुकारणाऱ्याकडे जातात. जेवण देणारं रेस्टॉरंट काही निव्वळ परोपकार करत नसतं. मंगळवारच्या रिकाम्या टेबलावर दोन नवी गिऱ्हाइकं येतात आणि दारूचं बिल वेगळं होतंच.

म्हणून बारीक अक्षरं वाचावीत. शुक्रवार-शनिवार चालतो का, सणांचे दिवस वगळलेत का, किती माणसं, मद्य धरलंय की नाही, मुदत कधीपर्यंत, हे सगळं जिंकणाऱ्याला मिळणाऱ्या पासावर लिहिलेलं असतं. वाढप्याची टिप बहुधा पासात धरलेली नसते आणि अमेरिकेतल्या रिवाजाप्रमाणे ती मूळ बिलाच्या पूर्ण रकमेवर द्यायची असते. तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींनी कराची एक गोष्टही ध्यानात ठेवावी. लिलावात दिलेली सगळी रक्कम देणगी धरली जात नाही. दोनशे डॉलरच्या जेवणाला पाचशे दिले, तर वजावट मागता येते ती वरच्या तीनशेची. पंचाहत्तर डॉलरहून जास्त रक्कम भरली आणि मोबदल्यात काही मिळालं असेल, तर त्याची अंदाजे किंमत लेखी कळवणं संस्थेवर बंधनकारक आहे. तो कागद जपून ठेवावा.

राहिली मुदत. सुझन शू आणि युरी नीझी या दोघांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात काही लोकांना बेकरीचे मोफत पास वाटले. काहींच्या पासाला तीन आठवड्यांची मुदत होती, काहींच्या दोन महिन्यांची. जास्त मुदत म्हणजे जास्त लोक जातील, असाच सगळ्यांचा होरा होता. तीन आठवडेवाल्यांपैकी ३१ टक्के गेले. दोन महिनेवाल्यांपैकी फक्त ६ टक्के. चांगली वेळ येईल तेव्हा जाऊ, म्हणत म्हणत पास ड्रॉवरमध्ये पडून राहतो. तेव्हा तुमच्या कपाटात असा एखादा पास असेल, मुलांच्या शाळेच्या कार्यक्रमात जिंकलेला किंवा मंडळाच्या सोडतीत लागलेला, तर पुढचा सण, पुढचा वाढदिवस यांची वाट पाहू नका. मुदतीची तारीख बघा, हॉटेलला फोन करा आणि याच महिन्यातलं टेबल राखून घ्या.